जुळी आहेत म्हणून कळलं, पुढे काय?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. वस्तीतली एक सून सासूसोबत आमच्या दारात आली. पाचवा महिना सरत आला होता. "जयभीम सिस्टर," ती म्हणाली, "पोट एकदम वाढलं. आठ दिवसांपासून रात्री झोपता येत नाही, दम लागते." सासू बाजूलाच उभी. म्हणाली, "पाणी जास्त असन. माह्या धाकट्याच्या वेळी मलेही असंच होतं."

आम्ही पोटाला हात लावला. पोट ढोलासारखं ताणलेलं, कातडी चकचकीत. आत बाळ हाताला लागेना. आम्ही चहा ठेवला होता, तो तसाच बंद केला आणि तिघी ऑटोत बसून मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे तिची या दिवसांतली पहिली सोनोग्राफी झाली. पोटात दोन बाळं होती, वार एकच. एका बाळाभोवती पाणीच पाणी, दुसऱ्याभोवती जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पण उपाय करायची वेळ हातातून गेली होती. त्याच रात्री कळा सुरू झाल्या. दोन मुली झाल्या, अर्ध्या किलोच्या आतबाहेर. दोघीही राहिल्या नाहीत.

तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफीची चिठ्ठी तिला मिळाली होती. पण सरकारी मशीनची तारीख पाच आठवड्यांनंतरची होती आणि बाहेर बाराशे रुपये मागत होते. घरात ठरलं, "सातव्या महिन्यात एकदाच काढू." दोष तिचा नाही, सासूचाही नाही. जुळ्यांच्या बाबतीत तिसऱ्या महिन्यातली ती एक सोनोग्राफी किती मोलाची, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. तेच सांगायला हा लेख.

जुळी होतात कशी

आपल्या वस्त्यांमध्ये अजून म्हणतात, जोडकेळ खाल्लं की जुळी होतात. केळ्याचा काही संबंध नाही. जुळी दोन तऱ्हेची असतात.

पहिली तऱ्हा म्हणजे बाईच्या अंडाशयातून एकाच महिन्यात दोन बीजं सुटतात आणि दोन्ही फळतात. ही बाळं सख्ख्या भावंडांइतकीच सारखी. एक मुलगा, एक मुलगी, किंवा दोघं एकाच लिंगाची पण वेगळ्या चेहऱ्याची. हा गुण आईच्या माहेरच्या रक्तातून येऊ शकतो. आईचं वय पस्तिशीच्या पुढे गेलं, किंवा आधी दोन-तीन बाळंतपणं झाली असली, तरी अशी जुळी होण्याची शक्यता वाढते. मूल होत नाही म्हणून बीज वाढवणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनं घेतली, किंवा टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात एकापेक्षा जास्त भ्रूण ठेवले, तर ती आणखी वाढते. असा उपचार घेणाऱ्या जोडप्याने सुरुवातीलाच विचारावं, "आम्हाला दोन-तीन बाळं एकदम होण्याचा धोका किती?"

दुसरी तऱ्हा एकाच बीजाचे दोन भाग होण्याची. ही बाळं दिसायला सारखी, लिंगही एकच. हे कोणाच्या घराण्यावर, खाण्यावर किंवा वागण्यावर अवलंबून नसतं. जगात सगळीकडे दर हजार बाळंतपणांमागे साधारण चार अशी असतात.

जगात आज दरवर्षी सुमारे १६ लाख जुळ्या जोड्या जन्मतात. १९८० च्या दशकापासून हे प्रमाण एक तृतीयांशाने वाढलं आहे. त्यात मोठा वाटा मूल होण्यासाठीच्या उपचारांचा आणि उशिरा होणाऱ्या बाळंतपणांचा आहे.

वार एक की दोन?

"जुळी आहेत" हे ऐकून घरात कोणी हसतं, कोणी खर्चाचा हिशेब मांडतं. आम्ही मात्र लगेच एकच प्रश्न विचारतो, वार एक आहे की दोन?

दोन वेगळ्या बीजांच्या जुळ्यांना वार दोन असतात. एका बीजाच्या जुळ्यांचं तसं नाही. बीज पहिल्या तीन दिवसांत दुभागलं तर वार दोन होतात. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभागलं तर वार एक, पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहून उशीर झाला तर वारही एक आणि पिशवीही एक. एका बीजाच्या दर तीन-चार जोड्यांपैकी एक सोडली, तर बाकीच्या एकाच वारेवर वाढतात.

वार म्हणजे बाळाची भाकर आणि श्वास. दोन्ही बाळं एकाच वारेवर असली की त्यांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देणं-घेणं बरोबर चालतं. पण अशा शंभर जोड्यांपैकी दहा ते पंधरा जोड्यांमध्ये तोल बिघडतो. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. देणारं बाळ सुकतं, त्याची लघवी थांबते, त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याच्या हृदयावर भार पडतो, पाणी वाढतं, आईचं पोट भराभर फुगतं. आमच्या त्या सुनेचं हेच झालं होतं. वेळेत कळलं तर पोटात दुर्बीण घालून लेझरने त्या जोडवाहिन्या बंद करतात. हा उपचार थोड्याच मोठ्या केंद्रांत होतो, पण झाला तर निदान एक बाळ तरी बहुतेक वेळा वाचतं. उपचार न करता सोडलं तर बहुतेकदा दोन्ही जातात.

वार एक की दोन, हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत. दोन बाळांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथली जाडी पाहून डॉक्टर सांगतात. पुढे पडदा पातळ होतो, बाळं मोठी होतात आणि नक्की सांगणं अवघड होतं. म्हणून पाळी चुकल्यावर लवकर नाव नोंदवा आणि तिसरा महिना संपायच्या आत सोनोग्राफी करून घ्या. सरकारी तारीख उशिराची मिळाली, तर आशाताईला सोबत घेऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा, "तेराव्या आठवड्याच्या आत पाहिजे."

जुळी दिसली की रिपोर्टवर वारेबद्दल लिहून मागा. लिहिलं नसेल तर तिथेच विचारा. नंतरचं गणित असं आहे. दोन वार असतील, तर विसाव्या आठवड्यापासून साधारण दर चार आठवड्यांनी सोनोग्राफी. वार एकच असेल, तर सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी. पिशवीही एकच असेल, तर नाळा एकमेकींत गुंततात. अशा बाईला मेडिकल कॉलेजच्या देखरेखीशिवाय पर्याय नाही.

आईच्या अंगावर काय येतं

जुळ्यांच्या आईचं शरीर दुप्पट काम करतं. रक्त जास्त लागतं, हृदय जास्त चालतं, पिशवी जास्त ताणते. एकच मूल असताना जे त्रास होतात, तेच इथे लवकर आणि जोरात होतात.

पहिला त्रास रक्त कमी होण्याचा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे दवाखान्यात भरती. लोहाची लाल गोळी गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायची असते. जुळी असतील तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतात. गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या, चहासोबत नको. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका वेळी घेऊ नका, एक दुसरीला लागू देत नाही. शी काळी होते, घाबरायचं नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा झोपताना घ्या, पण सोडू नका. गाद्यांच्या खाली ठेवलेली गोळ्यांची अख्खी पाकिटं आम्ही किती घरांत पाहिली आहेत!

दुसरा त्रास बीपीचा. जुळ्यांमध्ये तो दुपटी-तिपटीने जास्त. १४०/९० किंवा वर गेलं की सांभाळायचं, १६०/११० म्हणजे ताबडतोब भरती. डोकं फुटल्यासारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातावर सूज, बरगडीखाली दुखणं या खुणा झटके येण्याआधीच्या असतात. झटका आलेल्या बाईच्या नाकाला कांदा-चप्पल लावत बसू नका, कोणाला विचारायला जाऊ नका. तिला डाव्या कुशीवर वळवा आणि गाडी बोलवा. जुळ्यांच्या बाईला बाराव्या आठवड्यानंतर कमी मात्रेची ॲस्पिरिन द्यावी का, हे डॉक्टर तिची बाकीची परिस्थिती पाहून ठरवतात. तुम्ही आठवण करून द्या, मनाने सुरू करू नका.

तिसरा त्रास साखरेचा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा वर आली तर गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. पहिली बरोबर आली म्हणून दुसरी टाळू नका.

सिकलसेलची तपासणी केली का?

विदर्भातल्या आपल्या बौद्ध वस्त्यांमध्ये सिकलसेल घरोघरी आहे. बऱ्याच घरांत तो माहीत नसतो, आणि माहीत असला तर सोयरीक मोडेल म्हणून लपवतात. लपवण्यासारखं त्यात काही नाही. हा रक्ताचा गुण आहे, आईवडिलांकडून आलेला.

रक्तात एक जनुक असेल तर त्या माणसाला वाहक म्हणतात. त्याला सहसा त्रास नसतो. दोन जनुकं असतील तर आजार. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईला जुळी राहिली, तर ती दुहेरी जोखीम आहे. हाडं दुखण्याचे झटके, छातीत जंतुसंसर्ग, रक्त अचानक उतरणं, बाळांची वाढ खुंटणं, सगळ्याची शक्यता वाढते. अशा बाईने पहिल्या महिन्यांपासून मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातच नाव ठेवावं. तिने लोहाची गोळीही तपासणी करून, डॉक्टर म्हणतील तरच घ्यावी, कारण तिच्या अंगात लोह आधीच साचलेलं असू शकतं. फोलिक ॲसिड मात्र चालू ठेवायचं. वाहक बाईला इतर बायांसारखाच उपचार.

गरोदर बाईची सोल्युबिलिटी तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची तपासणी करायची, आणि नवऱ्याचीही करायची. "माह्यात काही नाही" म्हणून मागे सरणाऱ्या नवऱ्यांना आम्ही सांगतो, बोटातून एक थेंब द्यायचा आहे, तिला तर दोन जीव द्यायचे आहेत.

खाणं आणि विसावा

पोटात दोन आहेत म्हणून एका वेळी दुप्पट जेवण जात नाही. पिशवीने जठर वर ढकललेलं असतं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खा. महागडी पावडर लागत नाही. ज्वारीची भाकर, वरण, चवळी-मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे, रोज दोन अंडी, सुकट-बोंबील, महिन्यातून दोन-तीनदा कलेजी, शेवग्याचा पाला, पेरू-लिंबू. अंगणवाडीचा आहार बाईच्याच पोटात जाऊ द्या, घरभर वाटू नका. "जास्त खाल्लं तर मूल मोठं होईल, अडेल" हे जुळ्यांच्या बाबतीत तर उलटंच आहे. इथे बाळं लहान राहण्याचीच भीती असते.

विसाव्याबद्दल एक गैरसमज. जुळी आहेत म्हणून बाईला महिनोन्महिने खाटेवर पडून ठेवल्याने बाळं लवकर होणं थांबत नाही, असं अभ्यासांत दिसलं आहे. उलट पायात रक्ताच्या गाठी होऊ शकतात. पण याचा अर्थ तिने नळावरून हंडे आणावेत, सातव्या महिन्यात विटा वाहाव्यात असा नाही. दुपारी दोन तास डाव्या कुशीवर झोप, जड काम बंद, हलकं चालणं चालू. पाणी भरणं नवऱ्याचं आणि दिराचं काम.

बाळंतपणात मजुरी बुडू नये, हा विचार आपल्याला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामकरी बायांना प्रसूती लाभ देणाऱ्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब बोलले होते. आज कंपनीतल्या बाईला पगारी रजा मिळते. धुणीभांडी करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या बाईला ती अजून मिळत नाही. तोवर तिच्या पोटातल्या दोघांना विसावा द्यायची जबाबदारी तिच्या घराची आणि वस्तीची.

दिवस भरण्याआधी

एकटं बाळ साधारण ४० आठवडे पोटात राहतं. जुळ्यांपैकी निम्म्याहून जास्त ३७ आठवड्यांच्या आत होतात. तिळी साधारण ३२ व्या आठवड्याच्या आसपास. निम्म्याहून जास्त जुळ्यांचं वजन अडीच किलोच्या खाली असतं. जुळ्यांवर येणाऱ्या बहुतेक संकटांचं मूळ या लवकर येण्यातच आहे. फुप्फुसं पिकलेली नसतात, अंग गरम राहत नाही, चोखता येत नाही, जंतू लवकर धरतात.

म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात कमरेत राहून राहून दुखू लागलं, पोट तासात चार-पाच वेळा आवळू लागलं, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर "अजून दिवस आहेत" म्हणत थांबू नका. ३४ आठवड्यांच्या आत कळा आल्या तर आईला डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतात, १२ तासांच्या अंतराने चार. त्याने बाळांची फुप्फुसं लवकर तयार होतात. पहिलं इंजेक्शन जवळच्या केंद्रातली नर्सही देऊन पुढे पाठवू शकते. स्वस्तातलं औषध आहे, पण ते द्यायला बाई वेळेत पोचली पाहिजे.

बाळंतपण कुठे आणि कसं

जुळ्यांचं बाळंतपण घरी नाही, छोट्या नर्सिंग होममध्येही नाही. जिथे ऑपरेशनची सोय आहे, रक्तपेढी आहे आणि आजारी नवजात बाळांचा कक्ष आहे, तिथेच. नागपुरात डागा, मेयो, मेडिकल. जिल्ह्याच्या गावी जिल्हा किंवा स्त्री रुग्णालय. ही जागा आठव्या महिन्याच्या आत ठरवून, तिथल्या कार्डावर नाव असू द्या. कळा सुरू झाल्यावर एका दारातून दुसऱ्या दारात पाठवणी होण्यात जीव जातात.

जुळी म्हणजे सिझर, असं नाही. पहिल्या बाळाचं डोकं खाली असेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर साधं बाळंतपण होऊ शकतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ देशांतल्या सुमारे २,८०० बायांच्या अभ्यासात अशा जुळ्यांसाठी ठरवून सिझर केल्याने बाळांचा काही जादा फायदा दिसला नाही. पहिलं बाळ पायाळू किंवा आडवं असेल, किंवा पाण्याची पिशवी एकच असेल, तर मात्र सिझर. सगळं नीट असलं तरी दिवस उलटू द्यायचे नसतात. दोन वार असतील तर साधारण ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर, एक वार असेल तर ३६ च्या सुमारास डॉक्टर बाळंतपण करून घेतात.

आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक रात्र आम्ही विसरत नाही. एक बाई कळा देतच आली. कार्ड नाही, सोनोग्राफी नाही. बाळ झालं, रडलं. वार सुटायचं इंजेक्शन आम्ही हातात घेतलंच होतं, तेवढ्यात मोठ्या सिस्टरांनी आमचं मनगट धरलं. "आधी पोटावर हात ठेव." हात ठेवला तर पोट रिकामं झालंच नव्हतं. आत दुसरं बाळ होतं. ते इंजेक्शन तेव्हा दिलं असतं, तर पिशवी आवळून ते आत गुदमरलं असतं. अर्ध्या तासात दुसरंही सुखरूप झालं. दुसऱ्या बाळाला नेहमीच जास्त धोका. ते आडवं फिरू शकतं, नाळ आधी बाहेर येऊ शकते, वार आधीच सुटू शकते. म्हणून दोन बाळांना दोन माणसं आणि तयार ऑपरेशन थिएटर लागतं.

बाळंतपणानंतरचे दोन तास तर डोळ्यात तेल घालून बसायचं. ताणलेली पिशवी लवकर आवळत नाही आणि रक्तस्राव होतो. घडी भराभर भिजत असेल, बाई घामाने गार पडत असेल, तर नर्सला ओरडून बोलवा, लाजू नका. रक्त द्यायला दोन माणसं आधीच तयार ठेवा.

छातीशी धरलेली बाळं

शेजारच्या वस्तीतल्या एका ताईची जुळी ३४ व्या आठवड्यात झाली, दीड आणि पावणेदोन किलोची. घरचे म्हणाले, काचेच्या पेटीत ठेवलं नाही तर मरतील. कक्षातल्या नर्सने ताईच्या उघड्या छातीवर एक बाळ ठेवलं, वरून ओढणी बांधली. दुसरं आजीच्या छातीवर. रात्री बाप यायचा, ऑटो चालवून दमलेला. तोही शर्ट काढून बसायचा. आज ती दोघं अंगणवाडीत जातात आणि एकमेकांचे खाऊ पळवतात.

याला कांगारू मदर केअर म्हणतात. १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सरकारी दवाखान्यात पेट्या पुरत नव्हत्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं. म्हणजे ही गरिबांच्या दवाखान्यातून निघालेली विद्या आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिल्लीचं एक रुग्णालयही होतं. एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी धरलं, तर जिथे शंभर दगावली असती तिथे पंचाहत्तर दगावली. बाळ उघडं, फक्त टोपी, मोजे आणि लंगोट. कातडीला कातडी. जितके जास्त तास, तितकं चांगलं. ही ऊब कोणीही देऊ शकतं, बाप, आजी, मावशी.

दूध दोघांना पुरतं. जितकं चोखलं जातं, तितकं ते येतं. चोखता येत नसेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजा. बाटली नको. दोघांना एकदम पाजायचं असेल तर दोन्ही बगलांत उशीवर एकेक बाळ, पाय मागे. आईला मात्र दर तासाला पाणी आणि दर दोन-तीन तासांनी खायला कोणीतरी हातात आणून दिलं पाहिजे. दोन बाळांची आई झोपेविना महिना काढते. ती विनाकारण रडू लागली, बाळांकडे बघेनाशी झाली, तर "नखरे" म्हणू नका. तोही आजार आहे, त्याला उपचार आहे.

लवकर झालेल्या बाळांसाठी एक तपासणी कोणी सांगत नाही, ती डोळ्यांची. ३४ आठवड्यांच्या आत झालेलं किंवा दोन किलोच्या खाली वजन असलेलं बाळ असेल, तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत त्याच्या डोळ्यांचा पडदा तपासलाच पाहिजे. डोळे वरून छान दिसतात, आत पडदा खराब होत असतो. वेळेत लेझर केलं तर नजर वाचते, उशीर झाला तर जन्मभराचं आंधळेपण. सुटी होतानाच कागदावर तारीख मागा. कानांचीही तपासणी करून घ्या. लसी जन्मतारखेपासून मोजायच्या. बसणं-रांगणं मात्र ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. दोन महिने आधी आलेलं बाळ दोन महिने उशिरा बसलं, तर ते मागे नाही.

दोन्ही मुली?

दोन्ही मुली झाल्या की काही घरांत पेढे येत नाहीत. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, बाईच्या नाही. आणि एक मुलगा, एक मुलगी असली की दूध, डॉक्टर, खाऊ यात कोण मागे राहतं, हे आम्ही वजनकाट्यावर पाहिलं आहे. दोघांचं कार्ड वेगळं ठेवा, दोघांचं वजन दर महिन्याला करा. लेकीची रेघ खाली जात असेल तर घरात कोणीतरी तो प्रश्न विचारलाच पाहिजे. सोनोग्राफीत लिंग विचारणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, जुळ्यांच्या बाबतीतही.

पैसा आणि हक्क

सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि गाडी फुकट आहे. आजारी बाळाचा उपचार एक वर्षापर्यंत फुकट आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात स्त्रीरोगतज्ज्ञ तपासतात. गाडीसाठी १०२, संकटात १०८. जननी सुरक्षा योजनेचे पैसे अनुसूचित जातीच्या मातेला मिळतात. कागदावर धर्म बौद्ध आहे म्हणून कोणी नाही म्हटलं तर सांगा, १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला, आधार आणि बँकेचं पासबुक सातव्या महिन्यात एका पिशवीत घालून ठेवा. बाळांना खासगी दवाखान्यात न्यावंच लागलं, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो दवाखाना आहे का, हे आरोग्यमित्राला आधी विचारा, मग सही करा.

या खुणा दिसल्या की त्याच क्षणी निघा

आईसाठी:
- पोट आठवड्याभरात एकदम वाढलं, दम लागतो
- अंगावरून रक्त किंवा पाणी जातं, दिवस भरण्याआधी कळा येतात
- डोकं फार दुखतं, अंधारी येते, तोंडावर सूज, झटके
- बाळांची हालचाल कमी झाली
- तळहात-तळपायांना रात्री फार खाज सुटते
- बाळंतपणानंतर घडी भराभर भिजते किंवा ताप येतो

बाळासाठी:
- दूध ओढत नाही, रडत नाही, अंग गार किंवा ताप
- श्वास फार जलद, बरगड्या आत ओढल्या जातात
- ओठ निळे, तळहात-तळपाय पिवळे, झटके

त्या सुनेकडे आम्ही मधून मधून जातो. तिने त्या दोन मुलींना नावं ठेवली होती, हे आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. सासूने परवा आम्हाला दारात थांबवून विचारलं, "सिस्टर, आता पुढच्या वेळी कवा आणू तिले?" आम्ही म्हटलं, "पाळी चुकली की त्याच आठवड्यात आणा." तुमच्याही गल्लीत कोणाला दिवस गेले असतील, तर हे पान तिला वाचून दाखवा आणि एवढंच विचारा, तिसऱ्या महिन्यातली सोनोग्राफी झाली का?